आवाज खाली आण

रमजान पिंजाऱ्याच्या कपाळावर डॉक्टरांनी तीन चकत्या चिकटवल्या, तारा पेटीत खुपसल्या आणि बटण दाबलं. पेटी किंचाळायला लागली.

"निघाला! दमा निघाला!" दाराशी बसलेली मेहरुनबी ताडकन उठली. "अजून काढा, सायब. नवऱ्याचा दमा लय जुना हाय."

"काही निघत नाहीये, बाई. बसा खाली." डॉक्टर तरुण होते. अमेरिकेतून नुकतेच सांगलीला परतलेले, ही पेटी घेऊनच. "रमजान, ऐक. अंग आवळलंस की हा आवाज चढतो. सैल सोडलंस की उतरतो. तू आवाज खाली आण, छाती आपोआप मोकळी होईल."

रमजान पन्नाशीचा. त्याला अरे-तुरे करणारी पोरं पुष्कळ भेटली होती. कपाळाला तारा लावून निवांत हो म्हणणारं हे पहिलंच. त्यानं डोळे मिटले. आवाज चढला. चढला म्हणून तो घाबरला, घाबरला म्हणून आणखी चढला. मानेच्या शिरा टरारल्या. छाती शीळ घालायला लागली.

"घाबरू नकोस म्हणतो ना!" डॉक्टर ओरडले.

"तुमी वरडू नका की मग," मेहरुनबी म्हणाली.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी बजावलं होतं, कापूस पिंजणं सोड, नाहीतर मरशील. कापूस सोडून खायचं काय, ते सांगितलं नव्हतं. दुष्काळात अडलेली लग्नं औंदा उरकत होती. विट्याला रमजानच्या दारात गाद्यांची कामं येऊन पडली होती, आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. पेटीनं छाती मोकळी झाली तर कापूस सोडावा लागणार नाही, या एका आशेवर दोघं पहाटेच्या एस्टीनं आली होती.

"बरं वाटेल असं काहीतरी आठव," डॉक्टर म्हणाले. "देव आठव. नदी आठव."

रमजानची उजवी मूठ वळली. मांडीवर हलायला लागली. पुढं, मागं, एका ठेक्यात.

पेटीचा आवाज थबकला. मग उतरला. कण्हल्यासारखा झाला, मग माशीच्या गुणगुणीएवढा. छातीतली शीळ विरली. रमजाननं पोटभर श्वास घेतला. मेहरुनबीनं तोंडाला पदर लावला.

"शाब्बास!" डॉक्टरांनी पेटीवर थाप मारली. "काय आठवलंस? बाकीच्यांनाही सांगतो."

"कमान, सायब." रमजानचे डोळे मिटलेलेच होते. "आमची पिंजायची कमान. मूठ हाणली की तिची ताणलेली तात अशीच वाजतीया. कापूस फुलतोय. घरभर उडतोय, डोक्यावर, नाकातोंडात... लय ग्वाड वाटतंय."

डॉक्टरांचा हात पेटीवरच राहिला.

"अरे, तेच सोडायला सांगितलंय ना तुला!"

रमजानची मूठ थांबली. आवाज चढायला लागला.

"कळतंय का? सोड म्हणजे सोड! उद्यापासून कमानीला हात..."

"तुमी बोलायचं थांबा, सायब." मेहरुनबी पुढं आली. "तुमच्यानंच चढतंय त्ये."

डॉक्टरांनी बटण दाबलं. पेटी गप्प झाली.

रमजानची छाती वाजत राहिली.