मिसूरी ते कॅलिफोर्निया, व्हाया गॅरेज

"तू गप्प बसायचंस," आश्लेषा म्हणाली. "मिसेस प्रिचर्ड विचारतील, उत्तरं मी देईन. तू फक्त हसायचं."

जयंतने मान डोलावली आणि राउंडअबाउटवर चुकीची एक्झिट घेतली. इंग्लंडमधल्या या मिल्टन कीन्स गावात चुकीची एक्झिट घेतली की पुढच्या राउंडअबाउटपर्यंत पश्चात्तापाला भरपूर वेळ मिळतो. जयंतला आज तो हवाच होता.

शाळेची ईमेल कालच आली होती. तनूच्या हिस्टरी प्रोजेक्टबद्दल मिसेस प्रिचर्डना दोन्ही पालकांशी बोलायचं आहे, येताना तनूलाही आणावं, एवढंच त्यात होतं. ती वाचल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

आपल्याकडे प्रोजेक्ट मुलाला मिळतो आणि करतात आईबाप, ही रीत समुद्र ओलांडला म्हणून सुटत नाही. नववीच्या वर्गाला विषय होता, अमेरिका कशी जोडली गेली. जयंत नेटवर्क इंजिनिअर. तनूच्या तोंडून 'टेलिग्राफ' हा शब्द निघायचा अवकाश, त्याने गॅरेजमधून गाडी बाहेर काढली आणि मिसूरी नदी ते कॅलिफोर्निया असा सगळा मुलूख तिथे अंथरला. लाकडी खांब, तांब्याची तार, पितळी बटण. या टोकाला टकटक केली की त्या टोकाला टकटक व्हायची. टपाल नेणारा पुठ्ठ्याचा घोडेस्वार तारेखाली हताश उभा होता. तार आली आणि बिचाऱ्याची नोकरी गेली, हे सांगताना जयंतचे डोळे चमकायचे.

तनू पहिल्या शनिवारी गॅरेजमध्ये आली होती. दुसऱ्या शनिवारी दारातूनच बघून गेली. तिसऱ्या शनिवारी तिला होमवर्क होता.

द्यायच्या दिवशी वर्गापर्यंत मॉडेल उचलून न्यायला तो तयार होता. पण तिने गेटवरच ते ताब्यात घेतलं. "मी नेते, बाबा. तू जा, तुला लेट होईल." संध्याकाळी त्याने उत्साहाने विचारलं, मिसेस प्रिचर्ड काय म्हणाल्या? "फाइन," तनू म्हणाली आणि वर गेली.

आता त्या 'फाइन'चा अर्थ त्याला कळत होता. चोरी पकडली गेली होती. तार इतकी सफाईदार ओढायलाच नको होती.

"बाबा," मागच्या सीटवरून तनू म्हणाली, "तू प्लीज मॉडेलबद्दल काही नको बोलू. मी तुला घरी सांगते सगळं. प्रॉमिस."

"तिलाही कळतंय बघ," आश्लेषा म्हणाली.

जयंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या हौसेपायी चौदा वर्षांची पोर खोटं निभावून नेत होती.

वर्गात तिघं शिक्षिकेसमोर लहान खुर्च्यांवर बसले. मिसेस प्रिचर्ड हसतमुख होत्या. जयंतला ते हसू जास्तच बोचलं.

"तनूचा प्रोजेक्ट आम्ही काउंटीच्या स्पर्धेला पाठवतोय," त्या म्हणाल्या. "संपूर्ण शाळेतून एकच जातो. पाठवण्याआधी पालकांना फक्त एक विचारावं लागतं, सगळ्यांनाच विचारतो आम्ही. हे काम पूर्णपणे तिचं स्वतःचं आहे ना?"

"ऑफ कोर्स," आश्लेषा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "एव्हरी बिट ऑफ इट."

जयंतने तनूकडे पाहिलं. ती बुटांकडे बघत होती. कान लाल झाले होते. हिच्यादेखत आपण आता हो म्हणालो, तर ही पुढे आयुष्यभर असंच हो म्हणत राहील, असं त्याला वाटलं. मग त्याला राहवलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "आय ॲम सॉरी. हे खरं नाहीये."

"जयंत!" आश्लेषा म्हणाली.

"बाबा, नको ना," तनू म्हणाली. "प्लीज, स्टॉप."

पण तो आता थांबणार नव्हता. सगळं मी केलं, त्याने सांगितलं. खांब माझे, वायरिंग माझं, भिंतीवर लावायचा मजकूरसुद्धा माझा. तनूचा यात काडीचाही हात नाही. तिने फक्त घोड्याचं शेपूट चिकटवलं, तेही वाकडं होतं, म्हणून मी काढून पुन्हा चिकटवलं.

"तिला दोष देऊ नका," तो शेवटी म्हणाला. "स्पर्धेला जाण्यासारखं काही तिला एकटीला जमलंच नसतं."

बोलून झालं आणि त्याला हलकं वाटलं. लाज होतीच, पण आता ती उघड्यावर होती. निदान मुलीला एकदा तरी खरा बाप दिसला, असं मनात आलं. त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. तनू रडत होती, आवाज न करता.

मिसेस प्रिचर्ड गोंधळून एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिल्या.

"कसले खांब, मिस्टर गद्रे?" त्या म्हणाल्या. "गावागावांची वेगवेगळी घड्याळं रेल्वेने एका वेळेवर कशी आणली, यावर आहे तिचा प्रोजेक्ट. रोज लंच ब्रेकमध्ये इथे, माझ्यासमोर बसून केलाय तिने. घरी करायला जागा नाही म्हणाली होती."