रोज कोण आणणार?

खो-खो मंडळाच्या मॅडमनी किसनपुढे अर्ज सरकवला. "गरजू मुलांसाठीची मदत पल्लवीला मंजूर झालीय, दादा. फी, बूट, जाण्यायेण्याचा खर्च, सगळं मंडळाचं. फक्त 'मुलीला रोज मैदानावर कोण आणणार' तिथलं नाव बदला. आजच द्यावं लागेल, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल."

तिथं त्याच्या बायकोचं, सुलभाचं अक्षर होतं. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तिनं अर्ज भरला होता. नाव लिहून पुढं तिनं आपल्या मनानंच जोडलं होतं, 'मी स्वतः, पाऊस असला तरी.'

तिला जाऊन एकवीस दिवस झाले होते. किसननं पेन उचललं, पण हात कागदाला लागेना.

"दुसरा कोरा अर्ज देता का?"

"मंजुरीचा शिक्का यावरच आहे हो."

नऊ वर्षांच्या पल्लवीनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि आईच्या नावावरून हळूच एक रेघ ओढली.

"गिरगटायचं नसतं, बाबा," ती म्हणाली. "आमच्या बाई म्हणतात, एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे."