गार पाणी, अर्धी वाटी व्हिनेगर

शेजारच्या गोगट्यांनी एकदा मेलेला उंदीर शोधायला कपाट सरकवलं होतं. उंदीर नव्हता. आमच्या गॅलरीत नवऱ्याची सायकलिंगची जर्सी वाळत होती.

सहा वर्षं दर रविवारी मी ती हातानं धुतेय. उलटी करून, गार पाण्यात, व्हिनेगर घालून. वाळवायची सावलीत. सॉफ्टनर कधीच घालत नाही, त्यानं वास कापडात मुरतो. आणि इस्त्री तर नाहीच, कापड वितळतं.

आज दुपारी नवरा दारातूनच म्हणाला, "एकशे वीस किलोमीटर. मेलो."

बादलीत टाकण्याआधी मी जर्सी हुंगली. गुलाबाचा सॉफ्टनर. पाठीवर इस्त्रीचा वितळलेला त्रिकोण.

"घाटात हल्ली इस्त्रीवालाही बसतो का रे?"

तो पाणी प्यायला लागला. तांब्या रिकामा झाला, तरी पीतच राहिला.

मी त्याची बॅग भरली. वर जर्सी ठेवली, जर्सीवर चिठ्ठी: "ताई, गार पाणी, अर्धी वाटी व्हिनेगर, हलक्या हातानं. सॉफ्टनर आणि इस्त्री नको."

त्यानं ती उभ्याउभ्याच वाचली.

"हे कशाला लिहिलंस?" तो म्हणाला. "तिच्याकडे मशीन आहे."