रिकामं पाणी

१९३२ साली शहाद्याचे दोधू पाटील कापूस विकायला मुंबईला गेले आणि एका पारशी व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात, काचेच्या टाकीत, शेपटीने गवताला विळखा घालून राहणारे बोटभर समुद्रघोडे पाहून आले. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. ओसरीवर त्यांनी काचेची टाकी बसवली, तळाशी तापीची वाळू अंथरली, विहिरीच्या पाण्यात मीठ कालवलं. घोडे पुढच्या महिन्यात यायचे होते.

पाटील मात्र दिवसभर त्या रिकाम्या पाण्याकडे बघत बसत. "कोनी तरी शे त्यामा," ते हळूच म्हणत.

त्यांची बायको धनुबाई नाक मुरडायची. "कोन शे? मीठनं पानी शे! आख्खं गाव तुमले हासी ऱ्हायनं."

शेवटी त्यांना खोटं पाडायला तिने भर दुपारी, त्यांच्यादेखत, कोपरापर्यंत हात टाकीत घातला. बोटं पसरून पाण्यात फिरवली. "दखा! काहीच नही!"

ती हात काढायला गेली आणि थांबली. तिच्या करंगळीला काहीतरी बारीक, गार विळखा घालत होतं. काचेतून करंगळी स्वच्छ दिसत होती. तिच्याभोवती काहीच नव्हतं.

तिने हिसका दिला. विळखा आवळला, आणि उरलेल्या बोटांवरही एकेक बसू लागला.