नसलेला मॉनिटर

नवरा मॉनिटरचा खोका पोटाशी धरून आत आला, तेव्हा तिच्या गालावरची सूज अजून उतरली नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. या वेळी तो कधी घरी येत नसे.

तिनं कीबोर्डवरची दोन बटणं दाबली. समोरचं पत्र उजवीकडे सरकून नाहीसं झालं आणि मागची कामाची फाइल दिसू लागली.

"बघ काय आणलंय," तो म्हणाला. "चोवीस इंची."

बाहेरच्या दाराला आतून कुलूप घालून त्यानं किल्ली खिशात टाकली. त्याची रीतच होती ती. एक दिवस हात उचलायचा आणि दुसऱ्या दिवशी खोका आणायचा. तिचा दात हलला तेव्हा मिक्सर आला, मनगट मुरगळलं तेव्हा इस्त्री. शेजारणी म्हणत, काय हौशी नवरा मिळालाय बाई तुला! भिंतीपलीकडचं त्यांना ऐकू येत नसे, असं मात्र नाही.

डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेले रिपोर्ट ती घरी बसून टाइप करायची, बोटांकडे न बघता. फोन त्यानं काढून घेतला होता. कॉम्प्युटर कामाला लागतो म्हणून राहिला होता, पण त्यावर काय काय उघडं आहे ते तो रोज संध्याकाळी तपासायचा. म्हणून तिनं एक युक्ती केली होती. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि त्यात असल्या गोष्टी आपल्या हातानं बदलता येतात. कॉम्प्युटरच्या मागच्या रिकाम्या सॉकेटला दुसरा मॉनिटर जोडलेला आहे, असं तिनं एका ओळीत लिहून ठेवलं आणि कॉम्प्युटरनं बिचाऱ्यानं त्यावर विश्वास ठेवला. त्या नसलेल्या मॉनिटरवर ती ताईची पत्रं सरकवून ठेवायची.

"मी जोडते नंतर," ती उठत म्हणाली. "तुम्ही दमून आलात. आधी चहा घ्या."

"बस गं. यात जोडायचं काय डोंबल? दुकानदार म्हणाला, वायर खुपसा, आपोआप ओळखतो."

"निदान बंद तरी करू दे. चालू असताना लावलं तर..."

"मला शिकवू नकोस."

त्यानं खांद्यावर पंजा ठेवून तिला खाली बसवलं, खोक्यातून मॉनिटर काढून जुन्याशेजारी मांडला आणि टेबलामागे वाकून वायर खुपसली.

खरंच आपोआप ओळखलं. मॉनिटर क्षणभर काळा राहिला, मग उजळला, आणि चोवीस इंचांवर ताईचं पत्र उभं राहिलं. 'पोलिसांशी बोलले आहे. तू फक्त हो म्हण. मेल उघडून बसलेय. वीस मिनिटांत त्यांना घेऊन दारात येते.' खाली तिचं उत्तर होतं, 'ताई, ये. आजच ये.' त्यापुढे कर्सर लुकलुकत होता. चार दिवस ती हे उत्तर लिहीत होती आणि खोडत होती. पाठवायचा धीर होत नव्हता.

तो ओठ हलवत वाचत होता. वाचायला त्याला नेहमीच वेळ लागे.

पहिल्या थपडेला ती खुर्चीसकट आडवी झाली. त्यानं केसांना धरून तिला उठवलं आणि तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. "पोलीस? माझ्या घरात पोलीस?" प्रत्येक शब्दाला एक लाथ बसली. बरगडीत काहीतरी कट्‌कन वाजलं. तिनं ओरडणं केव्हाच सोडून दिलं होतं, डोकं तेवढं हातांत लपवलं.

मग त्याची नजर पुन्हा पत्राकडे गेली. ते अजून तिथंच होतं. त्यानं नवा मॉनिटर वायरीसकट उपटून जमिनीवर आपटला, बुटांनी तुडवला. जुना अजून उजळलेला दिसला, तेव्हा त्यावर मूठ घातली.

"पाठव! आता पाठव ना पत्र!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. टेबलाखालची पेटी, म्हणजे खरा कॉम्प्युटर, सुखरूप होती, पण त्याच्या लेखी पडदा गेला की कॉम्प्युटर गेला.

जुन्या मॉनिटरच्या काचेनं त्याच्या मुठीवरची कातडी उभी चिरली होती. तिचं रक्त पाहून ज्याला कधी काही वाटलं नाही, तो स्वतःचं पाहून पांढराफटक पडला. "आई गं," म्हणत तो हात धरून बाथरूममध्ये धावला. नळ सुटल्याचा आवाज आला.

ती टेबलाला धरून उठली. एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. कीबोर्ड वायरीला लोंबकळत होता. तिनं तो मांडीवर ओढला. कर्सर अजून तिथंच आहे का, झटापटीत भलतंच काही दाबलं गेलं का, काहीच कळायला मार्ग नव्हता. तिनं पाठवायची दोन बटणं दाबली. समोर दोन काळे, फुटलेले पडदे होते. गेलं, की नाही गेलं, कोण सांगणार?

आता थांबून चालणार नव्हतं, आणि बाहेरच्या दाराची किल्ली त्याच्या खिशात होती. भिंत धरत ती बाथरूमपर्यंत गेली आणि तिनं बाहेरून कडी घातली.

नळ बंद झाला.

"कडी काढ," तो म्हणाला. "काढ, नाहीतर जीव घेईन तुझा." मग आवाज मऊ झाला. "अगं, रक्त थांबत नाहीये. उघड ना. चुकलं माझं."

पत्र गेलं असेल, तर वीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

दारावर आतून खांदा बसला. पुन्हा बसला. प्रत्येक धक्क्याला कडीचा वरचा स्क्रू थोडा बाहेर येत होता, आणि ती अंगठ्यानं तो परत आत दाबत होती.