शिपाई पडल्यावरचा नियम

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. कार्डांच्या स्पर्धेतली एक गोड कथा सांगतो.

तीन वर्षं अंतिम फेरीत हरलेले विसूकाका यंदा पुढच्या चालीला जिंकणारच होते. त्यांनी समोरच्या ओवीचा शेवटचा शिपाई मारला. तिने हिरमुसून कार्ड बाजूला ठेवलं.

“अगं, पुरतं वाच की! शिपाई पडला, की त्याच्या मालकाने नवं कार्ड उचलायचं.”

“विसरलेच! पण काका, गप्प बसला असतात तर जिंकला असतात.”

“आणि संध्याकाळी कीर्तनात देवासमोर टाळ कोणत्या तोंडाने धरला असता? उचल!”

ओवीने उचललं, तर निघाला वाघ! त्याने काकांचा किल्ला फोडून डाव जिंकला, आणि पहिली टाळी काकांचीच पडली.

चषकावर ओवीचं नाव आहेच. मंडळी, तुम्ही विसूकाकांचं ध्यानात ठेवा.