उसात उभा असेल त्याचा मेसेज

“सर, बिबट्या दिसला तर मेसेज टाकायला सरपंचांची परवानगी कशाला?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी वर्गात उभी राहून विचारलंच.

गावोगावच्या मोबाईलवर बिबट्याची खबर देणारी यंत्रणा दाखवायला आलेले इंजिनिअर हसले. “नाहीतर कुत्रं बघूनही लोक बोंब मारतील. मग परवानगी कुणाची ठेवू?”

“ते ज्या त्या गावाला ठरवू द्या. यंत्रणा तीच, परवानगीचा नियम तेवढा प्लगसारखा काढता-घालता येईल असा ठेवा. शेजारच्या राजुरीत सरपंच चालतील. आमच्या पिंपरी पेंढारला उसात जो उभा असेल, त्याचा मेसेज थेट जाऊ दे.”

त्यांनी ते चक्क लिहून घेतलं.

घरी मी पुढच्या शिक्षणाचा विषय काढला, तर पप्पा म्हणाले, “कॉम्प्युटर शिकायला पुण्याला? आधी थोरल्या तात्यांना इचारू, मग मामाला.”

“पप्पा, आपल्या घरातला परवानगीचा प्लग मी बदललाय. इथं उसात मी उभी आहे. आई, बॅग काढ, मी जाणार!”